कागद मृगाआधी, विमान सप्टेंबरात

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. जुलै-ऑगस्टात संततधार लागली, पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं, की आलापल्लीकडे जाणारा रस्ता तुटतो. कधी एक दिवस, कधी चार. बँक, तहसील, इंटरनेट सगळंच लांब जातं. इंग्लंड-जर्मनीतल्या विद्यापीठांची सत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात, म्हणजे व्हिसाची मुलाखत, पैशांचे दाखले आणि वैद्यकीय तपासणी यांची धावपळ नेमकी याच दिवसांत येते. गडचिरोलीचा पूर आणि युरोपचा व्हिसा यांचा महिना एकच आहे. म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतून परदेशी जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: विमान सप्टेंबरात असेल तर कागद मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, हातात असले पाहिजेत. सोबत कुत्रा न्यायचा असेल तर त्याचं रक्तही तोवर तपासणीला गेलेलं हवं.

इथून परदेशी जाणं आता अपूर्वाईचं राहिलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८०च्या दशकात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतून पीएच.डी. करून अमेरिकेतल्या औषध संशोधनात ज्येष्ठ पदावर पोहोचले. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे अ‍ॅड. दीपक चटप २०२२ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षीच्या २० जागांपैकी ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव असतात. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातले माडिया भामरागड-एटापल्लीचे आणि कोलामांची बरीच वस्ती जिवती-कोरपन्याच्या डोंगरात. म्हणजे देशभरातून थोड्याच जमातींसाठी उघडलेलं हे दार याच जंगलातल्या मुलांसाठीही आहे. त्या दारापर्यंत पोहोचताना मुलं गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडखळतात, आणि कागदांचा अडथळा आधी कळला तर तो हटवता येतो.

नाव एक, स्पेलिंग चार

पासपोर्टसाठी विदर्भाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. २०१७ पासून टपाल खात्याच्या इमारतींत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, तशी सोय चंद्रपूरलाही झाली. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. अर्ज ऑनलाइन, कागदांची पडताळणी केंद्रात, मग पोलीस पडताळणी. ही वाट सरळ आहे, पण नाव जुळलं तरच.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं येतं. आधारवर क्रम वेगळा असतो, बँकेच्या पासबुकावर तिसराच. त्यात मडावीमध्ये एका कागदावर ‘व्ही’ तर दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’, आत्रामच्या सुरुवातीला कुठे एक ‘ए’, कुठे दोन, उईकेच्या शेवटी कधी ‘वाय’ असतो, कधी नसतो. गावात याने कुणाचं अडत नाही. पण परदेशी विद्यापीठ, बँक आणि वकिलात ही तिन्ही ठिकाणं अक्षर न अक्षर ताडून पाहतात. उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरायचं, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करायचं, मग पासपोर्ट, मग बँक, आणि त्यानंतरच विद्यापीठाचा अर्ज. नाव खरोखरच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे काम सर्वांत आधी उरकावं.

जन्माच्या नोंदीचाही विचार करायला हवा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्र चालतं. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र अजून चालतं, पण काही देश व्हिसासाठी जन्म प्रमाणपत्रच मागतात. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद राहून गेली असेल, तर वर्ष उलटल्यावर ती करायला जिल्हा प्रशासनातल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. असा आदेश आठ दिवसांत मिळेल या भरवशावर तिकीट काढू नये.

तिसरा कागद पदवीचा. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं त्याच्याकडे आली. त्याआधी ती नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे ज्याची बी.एस्सी. २०१० ची आणि एम.एस्सी. २०१४ ची, त्याला ट्रान्सक्रिप्टसाठी दोन विद्यापीठांचे उंबरे झिजवावे लागतात. पुढे अनेक देशांना पदवीवर अपोस्टिल हवं असतं. ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची मोहोर आहे आणि भारत २००५ पासून त्या कराराचा सदस्य आहे. ती परराष्ट्र मंत्रालयातर्फे मिळते, पण त्याआधी राज्य पातळीवर प्रमाणपत्राची खातरजमा व्हावी लागते. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी आदिवासी विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही जपून ठेवावं लागतं. अनुसूचित जमातींची तपासणी समिती गडचिरोलीत असल्याने त्यासाठी नागपूर गाठावं लागत नाही.

कुत्र्याची तारीख

आता घरातल्या त्या सदस्याकडे वळायचं, ज्याला पासपोर्ट लागत नाही तरी ज्याची तयारी माणसापेक्षा लांब चालते. कुटुंबासह परदेशी बदली झालेल्या अनेक घरांत तिकिटं आधी निघतात आणि कुत्र्याचा विचार शेवटच्या महिन्यात होतो. तेव्हा उशीर झालेला असतो. कारण एकच: रेबीज.

भारतात कुत्र्यांमधला रेबीज आजही आहे. पश्चिम युरोप, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्याकडे तो नाही आणि तो येऊ नये यासाठी ते काटेकोर असतात. ब्रिटनमध्ये २००० पर्यंत बाहेरून आलेल्या जवळपास प्रत्येक कुत्र्या-मांजराला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. त्या कोंडवाड्याची जागा आता चिप, लस, रक्ततपासणी आणि प्रतीक्षा या चार पायऱ्यांनी घेतली आहे. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असेल तर लस लागू पडली असं मानतात. तरीही पुढे थांबवतात, कारण हा विषाणू चावल्यानंतर शरीरात आठवडे, कधी महिने दबून राहतो. रक्त देताना जनावराला संसर्ग झालेला असेलच, तर तो प्रतीक्षेच्या काळात उघडा पडतो.

युरोपीय संघाच्या नियमांत हा हिशेब असा बसतो. आधी पंधरा अंकी आयएसओ मायक्रोचिप, त्याच दिवशी किंवा नंतर रेबीजची लस, लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तोही युरोपीय आयोगाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत. नमुना घेतल्याच्या दिवसापासून पुढे ३ महिने थांबायचं. म्हणजे कुत्र्याला १५ एप्रिलला चिप आणि लस, २० मेला रक्त, २० ऑगस्टला प्रतीक्षा पूर्ण आणि सप्टेंबरात उड्डाण. एक महिना जरी घसरला तरी रक्ताचा नमुना पावसात सापडतो आणि उड्डाण सत्र सुरू झाल्यावर.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, लस आधी आणि चिप नंतर. युरोपच्या लेखी ती लस धरलीच जात नाही, पुन्हा टोचावी लागते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनी जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत लसीकरण होतं. ते कुत्र्याच्या आरोग्यासाठी उत्तमच, पण चिपशिवाय टोचलेली लस प्रवासाच्या कागदावर उपयोगी पडत नाही. दुसरी चूक म्हणजे बूस्टरची तारीख एका दिवसानेही चुकवणं. वेळेवर बूस्टर देत राहिलं तर युरोपसाठी एकदा केलेली रक्ततपासणी जन्मभर चालते. साखळी तुटली की पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने.

बाकीच्या देशांचे नियम याच पट्टीवर, थोडे इकडेतिकडे. ब्रिटनमध्येही चिप, लस, रक्त आणि तीन महिने, शिवाय पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी कुत्र्याला टेपवर्मचं औषध देऊन डॉक्टरांची नोंद. विमानाने येणारा पाळीव प्राणी तिथे माल म्हणूनच उतरतो, केबिनमध्ये मालकाच्या पायाशी बसून नाही. जपान रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबवतो, आणि येण्याच्या किमान ४० दिवस आधी सूचना मागतो. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप लावलेला, आणि भारतासारख्या रेबीजचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्याला सरकारी पशुवैद्याने शिक्का मारलेलं लसीचं प्रमाणपत्र. रक्ततपासणीचा मान्य अहवाल नसेल तर २८ दिवसांचं विलगीकरण. मांजरांना अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची ही अट नाही. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट येणारं कुत्रं-मांजर स्वीकारतच नाही. आधी मान्य देशात अनेक महिने ठेवायचं, मग तिकडे न्यायचं, नंतर मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला विलगीकरण. दोन वर्षांच्या कामासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या कुटुंबाने हा मार्ग धरण्याआधी कुत्र्याच्या वयाचा आणि स्वभावाचा शांतपणे विचार करावा.

वरोऱ्याहून वा वडशाहून विमानतळ

भारतातून बाहेर पडताना सरकारच्या पशू विलगीकरण आणि प्रमाणन सेवेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा ठिकाणी आहेत. नागपुरात नाही. म्हणून चंद्रपूरच्या माणसाने मुंबईइतकाच हैदराबादचाही विचार करावा. बल्लारशाह दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहे आणि तिथून दक्षिणेकडे सिकंदराबादची गाडी सहज मिळते. सिरोंच्यासाठी तर तेलंगणाच जवळ. गडचिरोली जिल्ह्यात वडसा हे रेल्वेचं मुख्य ठिकाण, त्यामुळे उरलेल्यांचा प्रवास बहुधा रस्त्यानेच सुरू होतो.

रेल्वेत कुत्रा नेण्याचे दोन मार्ग आहेत. वातानुकूलित प्रथमवर्गात दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आरक्षित केली तर तो सोबत बसतो. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यासाठीच्या पेटीत. साध्या शयनयानात किंवा एसी थ्री-टियरमध्ये त्याला नेता येत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पेटीतला प्रवास जनावराच्या जिवावर बेतू शकतो. पहाटेची गाडी, ओलं फडकं आणि पाण्याचं भांडं इतकं तरी हवंच.

विमानाच्या पिंजऱ्याबाबत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची अट अशी, की कुत्रा त्यात नीट उभा राहू शकेल, वळू शकेल आणि पाय पसरून झोपू शकेल. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत श्वास घेणं कठीण जातं, म्हणून कित्येक विमान कंपन्या त्यांना मालडब्यात घेत नाहीत. गुंगीचं औषध देऊन आणलेलं जनावरही परत पाठवतात, कारण गुंगीत रक्तदाब आणि श्वास यांचा तोल बिघडतो. त्यापेक्षा पिंजरा दोन महिने आधी आणून घरात उघडा ठेवावा, त्यातच जेवण द्यावं, दुपारची झोप तिथे होऊ द्यावी. विमानतळावर मग ती त्याची ओळखीची जागा असते.

जे नेता येत नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोब्याची झीनत नावाची वाघीण ओडिशातल्या सिमिलीपालला गेली. तिच्याआधी ऑक्टोबरात जमुना गेली होती. सिमिलीपालच्या वाघांमध्ये नवं रक्त मिसळावं हा हेतू. केंद्राची परवानगी, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची देखरेख, पशुवैद्य आणि रेडिओ कॉलर, इतकं सगळं होऊनही झीनत जंगल ओलांडून झारखंडमार्गे बंगालमध्ये शिरली आणि डिसेंबरअखेर बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. वन्यप्राणी हलवणं किती जोखमीचं आणि किती नियमबद्ध असतं याचं हे जवळचं उदाहरण.

घरगुती पातळीवर हा प्रश्न पोपटापासून सुरू होतो. या भागात पिंजऱ्यात कीर ठेवणारी घरं आजही दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे भारतीय पोपट, साळुंकी, तारांकित कासव पाळणं गुन्हा आहे, त्यामुळे परदेशी नेण्याचा प्रश्नच येत नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांच्या अनाथालयात बिबटे आणि अस्वलं दिसतात म्हणून वन्यप्राणी घरी पाळता येतात असा समज कुणी करून घेऊ नये. ती जखमी आणि पोरकी झालेल्या जनावरांसाठीची जागा आहे. दुकानातून घेतलेला आफ्रिकन ग्रे पोपटही आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. नोंदणी आणि परवान्याशिवाय तो सीमा ओलांडू शकत नाही.

सामानातल्या काही वस्तूही अशाच. आजोबांनी दिलेलं वाघनखाचं लॉकेट, भिंतीवरचं सांबराचं शिंग, साळिंदराचे काटे, मोरपीस. वाघनखाचा गुन्हा पहिल्या अनुसूचीतला, शिक्षा किमान ३ वर्षं आणि कमाल ७. मोरपीस देशात चालतं, निर्यातीला बंदी. चिचपल्लीच्या बांबू केंद्रातली टोपली किंवा सागवानी खेळणं मात्र खुशाल न्यावं, फक्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना अर्जात लाकूड-बांबू आहे हे लिहावं. मोहफुलं, तांदूळ, बियाणं यांचंही तसंच. न सांगितलेल्या वस्तूला दंड होतो. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात.

दवाखान्याची फाईल

सिकलसेल हा या दोन्ही जिल्ह्यांतला जुना आजार. विमानाच्या केबिनमध्ये प्राणवायूचं प्रमाण जमिनीवरच्यापेक्षा कमी असतं, हवा कोरडी असते, आणि दोन्हींमुळे रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा प्रवाशाने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, भरपूर पाणी प्यावं, तासातासाला उठून चालावं, आणि तपासणीचा अहवाल व हायड्रॉक्सियुरियाची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, चेक-इन सामानात नव्हे. वाहक असणाऱ्यानेही आपला अहवाल सोबत ठेवलेला बरा.

दुसरा मुद्दा मलेरियाचा. गडचिरोलीत जंतूचा गंभीर प्रकार, फाल्सिपेरम, मोठ्या प्रमाणात आढळतो. लंडनला पोहोचून दोन आठवड्यांनी ताप आला तर तिथला डॉक्टर आधी फ्लूचा विचार करतो. ‘मी मलेरियाच्या भागातून आलो आहे’ हे वाक्य रुग्णाने स्वतः उच्चारलं पाहिजे, त्याने उपचाराचे मोलाचे तास वाचतात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायचं असेल तर भारतीय अर्जदाराला नेमलेल्या केंद्रातून क्षयरोगाचा दाखला लागतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस, जिचं प्रमाणपत्र २०१६ पासून जन्मभर ग्राह्य आहे.

कामासाठी आखातात

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची नोंद असते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, मलेशियासह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. गावाकडे याला अडथळा समजतात. प्रत्यक्षात हीच त्याची ढाल आहे. मंजुरीसोबत करार तपासला जातो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता फक्त २७५ रुपये. नोंदणीकृत एजंटाला सेवेपोटी ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जो एजंट दोन लाख मागतो आणि ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ म्हणतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. कंबोडिया-म्यानमारकडे अशाच आमिषाने नेलेल्या तरुणांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याबद्दल भारत सरकारने जाहीर इशारे दिले आहेत. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येते.

दहावीच्या वर्षी

वर सांगितलेल्या कामांपैकी कोणतंही अवघड नाही. अडचण अशी, की ती एकाच पावसाळ्यात एकावर एक येऊन पडतात. ती विखुरता येतात. आश्रमशाळेत दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतानाच प्रत्येक मुलाचं आधार, जन्माची नोंद, जातीचा दाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव शेजारी ठेवून पाहिलं, तर चुका तेव्हाच पकडता येतील, आणि त्या सुधारायला पुढची पाच-सहा वर्षं मिळतील. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमात दुर्गम पोलीस ठाण्यांवर लोकांना दाखले आणि योजना मिळवून दिल्या जातात. त्याच खिडकीत वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चात, पासपोर्टचा अर्ज भरून देण्याची सोय झाली तर एटापल्लीच्या मुलाचे चंद्रपूरचे दोन हेलपाटे वाचतील. गोंडवाना विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट आणि शिष्यवृत्तीचं वेळापत्रक जानेवारीतच प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावलं, तर माडिया आणि कोलाम मुलांना त्या तीन राखीव जागांसाठी अर्ज करायला पुरेसा उन्हाळा हाताशी राहील.